टॉर्विकचे पाणी आणि सिनेटर ब्रेक्के यांचा प्रश्न

सुजाण वाचकहो, दक्षिण डकोटा राज्याचे सिनेटर एल्डन ब्रेक्के यांनी आपल्या प्रदीर्घ कारकिर्दीत ज्या एका शब्दाच्या बळावर कीर्ती संपादन केली, तोच शब्द त्यांच्या जन्मगावाच्या तोंडच्या पाण्याआड कसा उभा ठाकला, आणि त्या कोंडीतून बाहेर पडताना त्यांच्या जिवाची कशी तगमग झाली, ही हकिकत पुढे यथामती निवेदन करण्याचे योजिले आहे. तो शब्द म्हणजे 'नाही'.

ब्रेक्के हे मूळचे जनावरांच्या बाजारात लिलाव पुकारणारे. आवाज खणखणीत, पाठ ताठ, आणि स्वभाव असा की गाय विकावयास उभी केली म्हणजे तिच्या दुधाआधी तिच्या खोडीचा उच्चार करावयाचे. "हिचा एक सड बंद आहे, आता बोली बोला," असे ते भर बाजारात सांगत. मालक कपाळावर हात मारून घेई; परंतु गिऱ्हाईक मात्र याच बाजारात येई. पुढे लोकांनीच त्यांना उचलून राज्याच्या विधिमंडळात बसविले व तेथून वॉशिंग्टनला धाडिले.

तेथे त्यांची मते कधी डळमळली नाहीत. कर कमी असावेत, सैन्य बळकट असावे, शेतकऱ्याच्या घरातील बंदुकीस सरकारने हात लावू नये, गर्भातील जिवाचे रक्षण व्हावे, आणि जे काम राज्याला करता येते त्यात केंद्राने नाक खुपसू नये, ही त्यांची ठाम धारणा होती. परंतु सर्वांत मोठा कटाक्ष खर्चावर. न वाचलेल्या विधेयकाला त्यांनी कधी होकार दिला नाही. एकदा तर शेतकऱ्यांच्याच अनुदानाला विरोध केला, तेव्हा निवडणूक हातची जाता जाता राहिली.

सिनेटमध्ये अशी रीत आहे की, लहानसहान विधेयकांवर चर्चेत वेळ न दवडता ती सर्वसंमतीने मंजूर करावयाची. आदल्या दिवशी सर्व सदस्यांच्या कचेऱ्यांत फोन फिरतो. कोणाचीच हरकत नसली तर दुसऱ्या दिवशी ओस पडलेल्या सभागृहात विधेयक पार होते. मात्र एकाच सदस्याने हरकत घेतली तरी सारे मुसळ केरात. बहुतेक सदस्य ही हरकत फोनवरच, नाव न सांगता घेतात. ब्रेक्के यांना तो भेकडपणा वाटे. ते स्वतः सभागृहात जात आणि ज्याने विधेयक आणले त्याला समोरासमोर एकच प्रश्न विचारीत: "हे गाव तुमचे नसते, तरी तुम्ही याला होकार दिला असता काय?" समोरचा गडबडे, आणि ब्रेक्के म्हणत, "माझी हरकत आहे."

अशा मनुष्याचे जन्मगाव टॉर्विक. गावाच्या टेकडीवर उभे राहिले तर मिसूरी नदीवरच्या धरणाचा अथांग जलाशय दिसतो. गावात मात्र धरण उशाला आणि कोरड घशाला. विहिरीचे पाणी पूर्वी नुसते जड होते, ते आता खारट आणि तांबूस झाले होते. तान्ह्या मुलांना ते देऊ नये असे डॉक्टरांनी बजावले होते. लोक पिकअपवर प्लास्टिकची टाकी ठेवून दूरच्या गावाहून पाणी वाहून आणीत. ब्रेक्के यांच्या थोरल्या भगिनी अर्लिस यांच्या घरच्या पांढऱ्या चादरी चहाच्या रंगाच्या झाल्या होत्या.

"एल्डन," त्या एकदा भावापुढे ताट ठेवीत म्हणाल्या होत्या, "साऱ्या देशाला नाही म्हणून झालं असेल, तर बहिणीच्या नळाचं काही बघशील का रे?"

"मी ती खुर्ची सोडायच्या आत तुझ्या नळाला पाणी आणतो," ब्रेक्के म्हणाले होते.

आता खुर्ची सोडण्याचा समय आला होता. त्यांनी पुन्हा उभे न राहण्याचे जाहीर केले होते, डिसेंबर उजाडला होता, आणि जलाशयापासून टॉर्विकपर्यंत पाइप टाकण्याचे लहानसे विधेयक त्यांनी सर्वसंमतीसाठी फोनवर फिरविले होते. अशा विधेयकासाठी पदर पसरण्याची त्यांची ही आयुष्यातील पहिलीच वेळ.

त्यांच्या राज्यातील कचेरी लवॉन पीट्झ नावाच्या बाई सांभाळीत. त्या बाड-बिस्तरा आवरण्यासाठी वॉशिंग्टनला आल्या होत्या. खोक्यांच्या पसाऱ्यात उभ्या राहून त्यांनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "एक हरकत आलीय."

"कुणाची?"

"हॅलिडेची."

"आपल्या हॅलिडेची?"

"तुमच्या. मी त्याला कधी आपला म्हटलं नव्हतं."

ट्रेंट हॅलिडे हे आयडाहोचे तरुण सिनेटर. 'ब्रेक्के यांच्यासारखा नाही म्हणेन' एवढ्याच वचनावर ते निवडून आले होते. ब्रेक्के तडक त्यांच्या दालनात गेले. दारासमोरच भिंतीवर ब्रेक्के यांचे स्वतःचे छायाचित्र टांगलेले होते. त्या छायाचित्राखाली उभे राहून याचना करण्याचा प्रसंग आल्याने त्यांचे कान तापले.

"या ना सर, बसा," हॅलिडे लगबगीने उठले. "मीच येणार होतो तुमच्याकडे. फोनवर नाव लपवायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

"ट्रेंट, हे पाणी आहे. पूल नाही, संग्रहालय नाही. पाणी."

"बेल क्रीकचंही पाणीच होतं, सर."

ब्रेक्के यांना क्षणभर काही आठवेना. मग आठवले. काही वर्षांपूर्वी आयडाहोच्या एका वृद्ध सिनेटरांनी बेल क्रीक नावाच्या खेड्यासाठी असेच विधेयक आणले होते. ब्रेक्के यांनी प्रश्न विचारला होता, ते गृहस्थ गडबडले होते, आणि विधेयक बुडाले होते.

"माझी मावशी राहते तिथे," हॅलिडे म्हणाले. "अजून टाकीनंच पाणी आणते."

"मग हा सूड आहे, असं सरळ म्हण ना!"

"सूड?" हॅलिडे यांचा चेहरा खरोखरच दुखावला. "अहो सर, बेल क्रीकच्या वेळचं तुमचं भाषण मावशीनंच मला ऐकवलं. म्हणाली, हा माणूस आपल्या विरुद्ध बोलतोय, पण खरं बोलतोय. तिच्यामुळे मी राजकारणात आलो."

शत्रू असता तर ब्रेक्के त्याच्याशी भांडले असते. हा भक्त होता, आणि भक्तापुढे देवाचे काही चालत नाही.

"तू उद्या मला तो प्रश्न विचारणार?"

"विचारावा लागेल. पण तुम्ही 'हो' म्हणा, मी लगेच खाली बसतो. तुमच्या शब्दावर मी शंका घेणार नाही, सर. जगात कुणीच घेणार नाही."

परत येऊन ब्रेक्के यांनी हे सांगताच लवॉनबाईंनी हातातील चिकटपट्टी टेबलावर आपटली. "मग झालं की! हो म्हणायचं. एक अक्षर आहे. मी लिहून देऊ का तळहातावर?"

"लवॉन, उत्तर नाही असं आहे."

"उत्तर काय आहे ते तुम्हाला आणि देवाला माहीत. देव काही सिनेटमध्ये येत नाही, हे तुम्हीच प्रत्येक सभेत सांगता."

दुसऱ्या दिवशी सभागृहात जेमतेम चार-पाच सदस्य होते. त्यांतील एक पीठासनावर जांभई आवरीत बसले होते. ब्रेक्के यांनी उभे राहून विधेयक सर्वसंमतीने मंजूर व्हावे अशी विनंती केली. हॅलिडे उठले, त्यांनी कोटाची गुंडी लावली, व रीतीप्रमाणे पीठासनाकडे पाहून म्हणाले, "हरकत राखून ठेवून मी दक्षिण डकोटाच्या सन्माननीय सदस्यांना एक प्रश्न विचारू इच्छितो. हे गाव त्यांचे नसते, तरी त्यांनी याला होकार दिला असता काय?"

ब्रेक्के यांच्या डोळ्यांपुढे अर्लिस यांच्या चादरी आल्या. प्रेक्षकांच्या सज्जात लवॉनबाई ओठ हलवून 'हो, हो' करीत होत्या, तेही त्यांना दिसले. 'हो' हा शब्द त्यांनी जिभेच्या टोकापर्यंत आणिलाही. परंतु जन्मभर भर बाजारात बंद सड मोजून दाखविणारी ती जीभ ऐन वेळी वळेना.

"नाही," ब्रेक्के म्हणाले. "दिला नसता."

हॅलिडे यांच्या डोळ्यांत पाणी तरळले. ते आदराचे होते, आणि हीच गोष्ट ब्रेक्के यांना असह्य झाली. "मग माझी हरकत आहे," हॅलिडे हलकेच म्हणाले.

बाहेरच्या मार्गिकेत लवॉनबाईंनी त्यांना गाठले. "तिथे काय गाय विकायला उभे होतात? सड मोजून सांगायला?"

"मला विचारलं, मी सांगितलं."

"अहो, साऱ्या जगाला विचारत सुटलात तेव्हा कुणी खरं सांगितलं होतं का तुम्हाला?"

"नाही. म्हणून तर मी त्यांना हरवत होतो!" ब्रेक्के एवढ्या मोठ्याने ओरडले की दारावरील पहारेकऱ्याने वळून पाहिले. ते भिंतीला टेकले. "अर्लिसला काय सांगू मी? तुझा भाऊ फार खरा आहे, तेव्हा खारट पाणी पी?"

अधिवेशनाच्या अखेरीस देशाच्या खर्चाचे एक अजस्र विधेयक येत असते. त्याची पाने कोणी मोजीत नाही, वाचीत तर मुळीच नाही. दर डिसेंबरात त्याच्याविरुद्ध उभे राहून ते टेबलावर आपटणे हा ब्रेक्के यांचा सणच होऊन बसला होता. यंदा मतांची ओढाताण होती. पक्षनेत्यांनी त्यांना बोलावून घेतले आणि गोड आवाजात म्हटले, "एल्डन, तुमचा पाइप यात घालतो. तुम्ही फक्त हो म्हणा."

"वाचल्याशिवाय?"

"वाचा की. उद्या सकाळपर्यंत वेळ आहे." नेते हसले.

ब्रेक्के खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. त्यांना पक्षनेत्यांचा संताप आला, हॅलिडेचा आला, त्या तांबूस विहिरीचा आला. आणि सर्वांत अधिक आला तो स्वतःचा, की बेल क्रीकच्या त्या वृद्ध सिनेटरांचे नावदेखील आपल्याला आठवू नये.

"आयडाहोतलं बेल क्रीक," ते शेवटी म्हणाले. "तेही घाला. त्यांचा पाइप."

"ते तर तुमचं गाव नाही!"

"म्हणूनच."

"हॅलिडे तरीही नाहीच म्हणेल, कळतंय ना तुम्हाला?"

"म्हणू दे. त्याची मावशी तरी पाणी पिईल."

मतदानाच्या दिवशी सभागृह भरलेले होते. लिपिक एकेक नाव पुकारीत होते. ब्रेक्के हे नाव प्रारंभीच येते. ते आले, आणि ब्रेक्के काही बोलले नाहीत. साऱ्यांची नावे होऊन गेल्यावर ते मधल्या वाटेने पुढे चालत गेले. बोलण्याऐवजी अंगठ्याची खूण करून मत देण्याची तेथे मोकळीक आहे. ब्रेक्के यांनी हात पुढे केला. लिपिकाने तो हात पुढे येताना तेवढा पाहिला. अंगठा कोणीकडे वळतो हे पाहण्याची त्यास इतक्या वर्षांत कधी गरजच पडली नव्हती.

"श्रीयुत ब्रेक्के, नाही," लिपिकाने खणखणीत पुकारले.

क्षणभर ब्रेक्के यांना वाटले, असेच राहू द्यावे. नाव राहील आणि दोष लिपिकाचा. परंतु पाइप जाईल.

"हो," ते म्हणाले.

"काय म्हणालात, सर?"

"हो म्हणालो. हो. दुरुस्त करा."

साऱ्या सभागृहाचे डोळे वळले. हॅलिडे आपल्या जागेवर दोन्ही हातांत डोके धरून बसले होते. त्यांनी विरोधात मत दिले होते. विधेयक पार पडले.

ब्रेक्के टॉर्विकला परतले तेव्हा चर्चच्या तळघरात लुटेफिस्कचे वार्षिक जेवण होते. हा वाळविलेला मासा राखेच्या जहाल क्षारात भिजवितात आणि पुढे कित्येक वेळा पाणी बदलून धुतात. म्हणून टॉर्विकच्या लोकांनी त्यासाठी आठवडाभर टाक्यांनी पाणी वाहिले होते. ब्रेक्के जिना उतरून आत शिरताच वाढपाच्या पळ्या थांबल्या. कोणी टाळी वाजविली नाही. कोणी वाईटही बोलले नाही. डकोटातील लोक रागावले म्हणजे हवापाण्याविषयी बोलतात.

"थंडी बरी आहे यंदा," एकजण म्हणाला.

"वारा पडलाय जरा," दुसऱ्याने दुजोरा दिला.

लाइल वॉग्नील्ड हे ब्रेक्के यांचे बाजारातील जुने सोबती. ब्रेक्के लिलाव पुकारीत तेव्हा ते कुंपणाचे दार उघडत. त्यांनी या दिवशी ब्रेक्के यांना भेट देण्यासाठी अक्रोडाची फळी तासून तीवर 'नाही' असे सुंदर अक्षरात कोरून आणिले होते. ती फळी आता त्यांच्या पिकअपमध्येच पडली होती, हे अवघ्या तळघराला ठाऊक होते.

"बस," लाइल यांनी बाक दाखविला. "मासा घे. लोणी घाल. वॉशिंग्टनात लोणी घालतात की लावतात?"

"लाइल, टोमणा मारायचा तर सरळ मार."

"बरं. मला एक सांग, गाव आपलं नसतं, तर हो म्हटलं असतंस?"

"एक गाव आपलं नव्हतंच. आयडाहोतलं होतं. त्यालाही हो म्हटलं."

लाइल यांनी काटा खाली ठेवला. "म्हणजे तू दुपटीनं बिघडलास!"

आसपास हशा पिकला. ब्रेक्के यांनी लोण्याची वाटी बाजूला सारली. "अरे, तुम्ही खारट पाणी पिताय! तुमच्या नातवंडांच्या दुधात घालायला पाणी नाही! मी ते आणलं, तर मलाच..."

"आणलंस. मान्य. पण आमच्या सगळ्यांच्या वतीनं तू तिथे नाही म्हणत होतास. तेवढं एकच काम आमच्या गावाला देशात मोठं करत होतं. पाणी काय, आम्ही वाहतच होतो."

ब्रेक्के यांनी ताट पुढे ओढले. तीस वर्षे आपणच या माणसांना हे शिकविले, आणि ती इतकी पक्की शिकली की आता आपण स्वतः जरी सांगितले तरी मागे फिरत नाहीत. चुकलो असे म्हणावे तर चुकलो असे त्यांना वाटत नव्हते. बरोबर होतो म्हणावे तर बेल क्रीकची मावशी आठवत होती. त्यांनी तो मासा तसाच गिळला.

घरी अर्लिसबाईंनी नळ सोडून पाहिला. तांबूस धार आली.

"पाइप यायला दोन वर्षं लागतील," ब्रेक्के म्हणाले.

"ठाऊक आहे मला. लवॉनचा फोन आला होता."

"तू तरी आभार मानशील, असं वाटलं होतं."

"पाणी प्यायल्यावर मानीन. तू बाजारात दूध काढून दाखवल्याशिवाय कधी गाय विकली होतीस का?" मग त्यांनी टेबलावरच्या पिकअपच्या किल्ल्या त्यांच्यापुढे सरकविल्या. "आता खुर्ची गेली ना? सकाळी टाकी भरून आण."

सकाळी पाण्याच्या ठिकाणी ब्रेक्के रांगेत उभे राहिले, तो पुढची गाडी नेमकी लाइल यांची. त्या गाडीत टाकी सरकू नये म्हणून अडण लावलेली ती अक्रोडाची फळी ब्रेक्के यांना स्पष्ट दिसली. दोघेही आपापल्या गाडीतून उतरले.

"तो पाइप," लाइल नळी टाकीत सोडीत म्हणाले, "जलाशयाकडून सरळ येणार म्हणजे माझ्या कुरणातून येणार."

"हो."

"मला कुणी विचारलं?"

"अजून नाही. माणसं येतील कागद घेऊन."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

सिनेट जिंकून आणिलेला पाइप या एका म्हाताऱ्याच्या कुंपणापाशी अडणार! आणि तो अडविण्याचा लाइल यांचा अधिकार हा पुन्हा ब्रेक्के यांनीच प्रत्येक निवडणुकीत गर्जून सांगितलेला: माणसाच्या कुंपणाच्या आत सरकारने विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये.

"तर वळसा घालावा लागेल," ते कसेबसे म्हणाले. "आणखी काही वर्षं जातील. तुझा हक्क आहे तो, लाइल."

"खरं बोललास," लाइल म्हणाले. "मला वाटलं होतं, तेही आता सोडलं असशील." त्यांनी वाकून टाकीत पाणी कुठवर आले ते पाहिले. "अर्लिसच्या चादरी बघितल्यात मी दोरीवर. माझी बायको ग्रेटा आज असती, तर पाइप अडवला म्हणून मला घरात घेतलं नसतं." मग म्हणाले, "कागद आधी मला वाचायला हवेत. सगळे. अक्षरन् अक्षर."

"मी आणून देईन."

"तू वाचलेत का?"

"नाही," ब्रेक्के म्हणाले.

लाइल यांनी प्रथमच त्यांच्याकडे वळून पाहिले आणि नकळत हसले. "मग दोघे मिळून वाचू. वसंतात ये, जमीन मऊ झाली की. तोवर मी काही कबूल केलेलं नाही."

टाकी भरली. रीत अशी की आपली टाकी भरली म्हणजे नळी खाली बर्फावर टाकून निघून जावे. लाइल यांनी ती टाकली नाही. ब्रेक्के यांच्या हातात दिली आणि गाडीत बसून निघून गेले. ब्रेक्के ती गार नळी धरून कितीतरी वेळ तसेच उभे होते. अखेरीस मागच्या गाडीने भोंगा वाजविला, तेव्हा त्यांनी टाकीचे झाकण उघडले.

वाचकांनी आपला अमूल्य वेळ देऊन ही साधी कथा शेवटपर्यंत वाचिली, त्याबद्दल मी सर्वांचा अंतःकरणपूर्वक ऋणी आहे. काही न्यून राहिले असल्यास क्षमा असावी.

आपला नम्र,
भिकाजी गणू मांडवकर
ॲबर्डीन, दक्षिण डकोटा